रोगमुक्ताचे ऋण

देवीचा रोग १९७५ साली आपल्या देशातून गेला आणि त्याच्याबरोबर एक जुनी घरगुती रीतही गेली. घरात कोणाला देवी आल्या म्हणजे त्याच्या खोलीत कोणी जायचे हे वैद्य ठरवीत नसे. घरातले वडील माणूस ठरवी, आणि ते ठरविणे फार सोपे असे. ज्याच्या तोंडावर वण, त्याने जायचे. बहुधा ती एखादी विधवा आत्या असे, किंवा आश्रयाला राहिलेली दूरची मावशी. कडुलिंबाचे डहाळे, रात्रीची जागरणे, अंग खाजविणाऱ्या मुलाचे हात धरून बसणे, सारे तिच्याकडे. रोगी उठून बसला म्हणजे शीतलादेवीला दहीभाताचा नैवेद्य जाई आणि आत्या पुन्हा स्वयंपाकघरात जाई. तिच्या कष्टांचा हिशेब एका वाक्यात मिटविलेला असे : "तिला काय होणार आहे? तिला येऊन गेल्या आहेत."

आमच्या पिढीने देवी पाहिल्या नाहीत. त्या आजीच्या तोंडून ऐकल्या. पण हे वाक्य आमच्या मनात खुपत राहिले आहे, कारण त्यात दोन विधाने एकमेकांत बेमालूम मिसळली आहेत. जिला भय नाही तिच्या सेवेला मोल नाही, हे एक. जिला भय नाही तिच्यावर सेवेचे बंधन आहे, हे दुसरे. पहिल्याने तिचे श्रेय काढून घेतले जाते, दुसऱ्याने तिचे स्वातंत्र्य. ही दोन्ही विधाने खरी आहेत काय, हे तपासण्याजोगा पुरावा गेल्या पन्नास वर्षांत आफ्रिकेतील इबोला नावाच्या रोगाने जगापुढे ठेवला आहे. तो पुढे ठेवूनच या प्रश्नाचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

प्रश्न मात्र इबोलाहून पुष्कळ जुना आहे. इसवी सनापूर्वी ४३० साली अथेन्स नगरात मोठी साथ आली. थ्युसिडिडीझ हा इतिहासकार स्वतः त्या साथीत आजारी पडून बरा झाला होता. रोग्यांविषयी आणि मरणोन्मुखांविषयी सर्वांत अधिक कणव कोणाला वाटली, तर जे त्या आजारातून उठले होते त्यांना, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. कारणेही त्याने दोन दिली आहेत : ते दुखणे काय असते हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांना स्वतःची भीती उरली नव्हती, हा रोग त्याच माणसावर पुन्हा प्राणघातक हल्ला करीत नसे. एवढ्यावर न थांबता या चिकित्सक ग्रंथकाराने आणखी एक बारीक गोष्ट टिपली आहे. बरे झालेली माणसे आनंदाच्या भरात अशी समजूत करून घेत की, आता आपल्याला दुसऱ्या कोणत्याच रोगाने मरण येणार नाही. ती साथ कशाची होती याविषयी विद्वानांचे एकमत नाही. तिला इबोलासारखा रक्तस्रावी ज्वर मानणारेही काही आहेत.

'रक्तस्रावी ज्वर' हे नाव ऐकून वाचकांनी तो केवळ दूरदेशीचा प्रकार समजू नये. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. त्या तापाचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधून काढला. हाच 'माकडताप' पुढे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातही पोहोचला. दिल्लीत राहणाऱ्यांना तर दर शरद ऋतूत भेटीस येणाऱ्या डेंग्यूची ओळख करून द्यावयास नको. त्याचेही एक रूप रक्तस्रावी असते. डेंग्यूची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचे चार प्रकार आहेत, आणि एका प्रकारातून उठलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकाराने गाठले तर दुखणे अधिक बिकट होण्याचा धोका असतो. 'येऊन गेला, आता सुटलो' ही समजूत सर्वत्र सारखी लागू पडत नाही, हे ध्यानात असावे म्हणून एवढे सांगितले.

इबोलाची पहिली मोठी साथ १९७६ साली त्या वेळच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, यांबुकू या खेड्यात उद्भवली. तेथे बेल्जियमच्या जोगिणींनी चालविलेले एक मिशनचे रुग्णालय होते. रोज सकाळी पाच सुया काढल्या जात आणि दिवसभर त्याच पाच सुयांनी सर्वांना टोचले जाई. ३१८ माणसे आजारी पडली. त्यांतली २८० गेली. उरलेल्या थोडक्यांचे पुढे काय झाले याची जगाने दीर्घकाळ विचारपूस केली नाही. चाळीस वर्षांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांपैकी चौदा जणांना शोधून काढून त्यांचे रक्त तपासले. त्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये चौदाही जणांच्या रक्तात सापडली. काहींच्या रक्ताने तर प्रत्यक्ष जिवंत विषाणूला निष्प्रभ केले. मधल्या काळात देशाचे नाव बदलले, सत्ता उलथल्या, यादवी युद्धे झाली. या माणसांच्या अस्थींतील मज्जेत बसलेल्या पेशी मात्र १९७६ सालचे काम न चुकता करीत राहिल्या होत्या.

आम्हां कारकुनांना याचे विशेष नवल वाटते. आमच्या कचेरीत प्रत्येक फाईलवर ती किती वर्षे ठेवायची हे लिहिलेले असते : बहुतेक फायली थोड्या वर्षांनी नष्ट करावयाच्या, काही मोजक्या कायमच्या जतन करावयाच्या. तरीही हवी ती फाईल हव्या त्या वेळी सापडेल अशी खात्री कोणी देत नाही. शरीराचे दप्तर अधिक चांगले दिसते. सर्दीची फाईल ते लवकर काढून टाकते, रक्तस्रावी ज्वराची जपून ठेवते. अमेरिकेतील नॉरफोक शहरात १८५५ साली पिवळ्या तापाची भयंकर साथ आली होती. पिवळा ताप हाही याच वर्गातला. त्या साथीतून लहानपणी वाचलेल्या म्हाताऱ्यांचे रक्त सुमारे पाऊणशे वर्षांनी तपासले, तेव्हा त्यात संरक्षक शक्ती तशीच होती.

आता या शक्तीचा विनियोग काय झाला ते पाहू. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेतील गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोलाने २८ हजारांहून अधिक लोकांना ग्रासले आणि ११ हजारांहून अधिकांचा बळी घेतला. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथे सलोमी कार्वा नावाची एक तरुणी होती. तिचे वडील दवाखाना चालवीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये घरात रोग शिरला. आई गेली, वडील गेले. ती स्वतः, तिची बहीण आणि तिचा भावी पती वाचले. बरी होऊन ती घरी गेली आणि थोड्याच दिवसांत त्याच उपचार केंद्रात कामाला परत आली. रोग्यांना भरविणे, पुसणे, धीर देणे हे तिचे काम. त्या वर्षअखेर 'टाइम' साप्ताहिकाने इबोलाशी झुंजणाऱ्यांना वर्षाचे मानकरी ठरविले, तेव्हा मुखपृष्ठावरील चेहऱ्यांत तिचा चेहरा होता. पुढे २०१८ ते २०२० या काळात काँगोच्या पूर्व भागात साथ आली तेव्हा बेनी गावात अशाच रोगमुक्त बायका पाळणाघरांत नेमल्या गेल्या. ज्यांच्या आया उपचार केंद्रात पडून आहेत, आणि ज्यांना स्वतःला रोग होतो की काय हे कळायला एकवीस दिवस लागणार आहेत, अशा तान्ह्या मुलांना या बायका उराशी धरून असत. तिथल्या फ्रेंच बोलीत त्यांना 'अंगाई गाणाऱ्या' अशा अर्थाचे नाव पडले होते.

'त्यांना काय होणार आहे?' असे येथेही म्हणता येईल. म्हणणारे निघालेही असतील. जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्या कसोटीने पाहिले तर, मनाची ओढ नसताना केवळ कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीत नैतिक मोल उठून दिसते. तो धागा थोडा ओढला की, जेथे गमावण्याजोगे काही नाही तेथे मोलही थोडे, असे वाटू लागते. आपल्या मनाची तुलादेखील अशीच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना सावित्रीबाई फुले आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या अंगात कोणतीही प्रतिकारशक्ती नव्हती आणि हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. त्यांचे स्थान निराळे आहे, आणि ते तसेच राहावे. आक्षेप त्यापुढच्या पायरीला आहे. धोका पत्करणे हे सेवेचे एक मूल्य आहे; ते एकमेव मूल्य आहे असे कोणी ठरविले?

सलोमी कार्वा ज्या केंद्रात परतली तेथेच तिचे आईबाप गेले होते. क्लोरीनचा तोच वास, तेच तंबू. रोगाची भीती तिला नसेल. पण आठवणीची भीती ही एक स्वतंत्र वस्तू आहे आणि तिच्याविरुद्ध रक्तात प्रतिद्रव्ये तयार होत नाहीत. ज्यांनी आपले माणूस रुग्णालयात गमावले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. त्या इमारतीवरून जाणारी बससुद्धा पुष्कळ जण वर्षानुवर्षे टाळतात. तेव्हा रोगमुक्त माणसाची सेवा निर्मूल्य ठरविणाऱ्याने खर्चाची एकच बाजू पाहिली, दुसरी पाहिलीच नाही, असे आम्ही म्हणू.

याहून महत्त्वाची गोष्ट रोग्याच्या बाजूने पाहिल्यास दिसते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. आत्मज्ञानाने येणारे ते अभय आणि रक्तातील प्रथिनाने येणारे हे अभय एकच, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु आपल्या परंपरेत अभय हे केवळ असण्याची गोष्ट नाही, देण्याचीही आहे. आपण 'अभयदान' म्हणतो. इबोलाच्या तंबूत पडलेल्या माणसाला दिवसभर दिसते काय? पांढऱ्या पोशाखाच्या आत दडलेली, जाड चष्म्यामागचे डोळेच तेवढे दिसणारी माणसे. त्याने ऐकलेले असते की, येथून कोणी परत जात नाही. अशा वेळी त्याच्या बिछान्याशी एक बाई येऊन सांगते की, दोन महिन्यांपूर्वी मी याच रांगेत पडून होते. ती जे देते ते सर्वांत निष्णात डॉक्टरलाही देता येणार नाही. त्याच्याजवळ ते नाहीच. तिला ते कसे मिळाले, कष्टाने की दैवाने, हा प्रश्न त्या क्षणी रोग्याच्या मनात येत नाही. तो आपल्या मनात येतो, कारण आपण निरोगी आहोत आणि श्रेयाच्या वाटणीला बसलो आहोत.

पहिल्या विधानाचा निकाल आमच्या मते असा लागतो. दुसरे अधिक अवघड आहे : अभय ज्याला मिळाले त्याच्यावर त्याचे ऋण आहे काय?

दिल्लीत २०२० आणि २०२१ साली हा प्रश्न आमच्या दारापर्यंत आला होता. रोग निराळा होता, प्रश्न तोच. करोनातून उठलेल्यांच्या रक्तद्रवाने, म्हणजे प्लाझ्माने, दुसरे रोगी वाचतील अशी आशा सर्वत्र पसरली होती. त्यासाठी खास पेढी निघाली. भ्रमणध्वनीवर विनवण्यांचा पूर आला. आमच्या कचेरीतील एक सहकारी, स्वभावाने अबोल, दुखण्यातून उठल्यावर दोनदा जाऊन प्लाझ्मा देऊन आले. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नीने नको म्हटले. ते फार अशक्त झाले होते. दूरध्वनीवरच्या अनोळखी माणसाने त्यांना विचारले, "देवाने तुम्हांला वाचवले ते कशासाठी?" त्या माणसाचा भाऊ प्राणवायूवर होता, त्याच्या बोलण्याचा राग येणे शक्य नव्हते. आमच्या सहकाऱ्यांनाही राग आला नाही. पण नंतर कित्येक दिवस चहाच्या वेळी ते तोच प्रश्न आम्हांला विचारीत : कशासाठी?

या गोष्टीला पुढे जे वळण लागले ते विसरता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ४६४ रोग्यांवर केलेल्या चाचणीत प्लाझ्माचा लाभ दिसून आला नाही, आणि मे २०२१ मध्ये तो उपचार राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून वगळण्यात आला. इबोलाच्या बाबतीतही असेच चढउतार झाले होते. १९९५ साली काँगोतील किक्विट शहरी रोगमुक्तांचे रक्त आठ रोग्यांना दिले गेले आणि त्यांतले सात वाचले. जेथे दहांतले आठ मरत होते तेथे हा चमत्कारच वाटला. परंतु हे रोगी साथीच्या अखेरीचे होते, त्यांची शुश्रूषाही अधिक चांगली झाली होती. वीस वर्षांनी गिनीत ८४ रोग्यांना रोगमुक्तांचा प्लाझ्मा देऊन पाहिला, तेव्हा निश्चित असा गुण आढळला नाही. मागणारे ज्या खात्रीने मागत होते ती खात्री ज्ञानाजवळ नव्हती. सावकाराच्या वहीतील आकडाच जेथे निश्चित नाही तेथे ऋणकोला बेइमान म्हणणे कितपत न्याय्य आहे?

आणि तरीही किक्विटची कथा एवढ्यावर संपत नाही. १९९५ च्या साथीतून वाचलेल्या एका माणसाने अकरा वर्षांनी, २००६ साली, संशोधकांना आपले रक्त दिले. काँगोचे डॉ. मुयेंबे, जे १९७६ साली यांबुकूला अगदी आरंभी पोहोचलेल्या डॉक्टरांपैकी, ते या कामात होते. त्या रक्तातील स्मरणपेशींमधून एक प्रतिद्रव्य वेगळे काढण्यात आले आणि प्रयोगशाळेत त्याचे औषध झाले. काँगोतच २०१८-१९ साली ६८१ रोग्यांवर चार औषधांची तुलना झाली. या औषधावर १०० पैकी सुमारे ३५ दगावले. तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या औषधावर सुमारे ५०. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. १९९५ च्या त्या एका दुखण्याने पंचवीस वर्षांनी परक्या माणसांचे प्राण वाचविले, याहून मोठे दान कोणते? मात्र ज्याने ते दिले तो शास्त्रीय निबंधात 'पहिला' एवढ्या अनुक्रमांकाने ओळखला जातो. गुप्ततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. कारकुनी सवयीने आम्ही त्या अनुक्रमांकाकडे जरा अधिक वेळ पाहत राहिलो, इतकेच.

ऋणाची आपली कल्पना काय आहे? देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे घेऊनच माणूस जन्माला येतो असे आपण मानतो. या कल्पनेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. ऋण तेव्हाच होते जेव्हा कोणी काही दिलेले असते. रोगमुक्ताला त्याची प्रतिकारशक्ती समाजाने दिलेली नाही. ती विषाणूने दिली, आणि तिची किंमत त्याच जागी वसूल करून घेतली. रोगात ज्यांनी त्याचे मुखात पाणी घातले त्यांचे ऋण त्याच्यावर खरे आहे. यांबुकूच्या रुग्णालयातील सतरांपैकी अकरा कर्मचारी मेले, अशांचे ऋण कोण नाकारील? पण ते त्या माणसांचे ऋण आहे, सरसकट लोकांचे नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, या तिन्ही ऋणांत धनको वसुलीला येत नाही. पितर दारात उभे राहून तगादा लावीत नाहीत. ऋण आहे असे ऋणी माणूसच स्वतःशी म्हणतो, आणि त्याने तसे म्हणण्यातच त्या कल्पनेचे सारे सौंदर्य आहे. सलोमी कार्वा म्हणू शकते की, मला वाचविले ते यासाठी. दूरध्वनीवरचा माणूस तिच्या वतीने तसे म्हणू शकत नाही.

समाज जेव्हा दुसऱ्याच्या वतीने असे म्हणू लागतो तेव्हा काय होते, याचा एक धडा फिलाडेल्फियात सापडतो. १७९३ च्या उन्हाळ्यात तेथे पिवळा ताप आला आणि सुमारे पाच हजार माणसे मेली. बेंजामिन रश हा त्या काळचा नामांकित डॉक्टर आणि गुलामगिरीचा विरोधकही. त्याची अशी समजूत होती की, कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही. त्याने त्यांना आवाहन केले, आणि ॲब्सलम जोन्स व रिचर्ड ॲलन या त्यांच्या पुढाऱ्यांनी ते स्वीकारले. त्यांची माणसे गोऱ्यांच्या घरी रोग्यांशेजारी बसली, प्रेते उचलून पुरू लागली. समजूत चुकीची होती. त्यांच्यातही दोनशेहून अधिक मेले, आणि रशलाही ते पुढे मान्य करावे लागले. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने पुस्तिका छापून त्यांच्यापैकी काहींवर अवाच्या सवा पैसे उकळल्याचा आणि चोरीचा आरोप केला. जोन्स आणि ॲलन यांना १७९४ साली स्वतःची पुस्तिका काढून त्याला उत्तर द्यावे लागले. तिला काय होणार आहे, हे वाक्य किती लवकर 'त्या जातीला काय होणार आहे' असे होते, ते येथे पाहावे. भारतात राहणाऱ्या माणसाला यावर अधिक भाष्याची गरज नाही. मैला कोणी उचलायचा आणि प्रेत कोणी ओढायचे हे ठरविताना आपणही असेच काहीसे मनाशी म्हणत आलो आहोत.

न्यू ऑर्लिन्स शहरात तर पिवळ्या तापातून उठणे ही एक प्रकारची पदवीच होऊन बसली होती. एकोणिसाव्या शतकात तेथे तापातून न गेलेल्या परक्या तरुणाला पेढीवर नोकरी मिळणे कठीण. आणि तापातून गेलेल्या गुलामाची किंमत अधिक येई, ती अर्थात त्याच्या मालकाला. शरीरातील कवच बाजारात आले म्हणजे ते कोणाच्या खिशात जाते, एवढे यावरून कळते.

आतापर्यंत आम्ही रोगमुक्ताकडे आपले काय येणे आहे याचीच चर्चा केली. त्याचे आपल्याकडे काय येणे आहे, ही बाजू खतावणीत फारशी लिहिलेली आढळत नाही. पश्चिम आफ्रिकेत उपचार केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एक प्रमाणपत्र दिले जाई : या व्यक्तीच्या शरीरात आता इबोला नाही. आम्ही आयुष्यभर प्रमाणपत्रे हाताळतो. निवृत्त माणूस दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला देतो, आणि तो समोर जिवंत उभा असला तरी कागदाशिवाय त्याचे निवृत्तिवेतन पुढे चालत नाही. तेव्हा कागदाचे सामर्थ्य आम्हांला ठाऊक आहे, मर्यादाही ठाऊक आहेत. इबोलाच्या कागदाने गावात घर मिळाले नाही, बाजारात मासळी विकली गेली नाही, शेजाऱ्याने मुलांना एकत्र खेळू दिले नाही.

शेजारी केवळ अडाणी होते असे म्हणून आपण सुटू शकत नाही, आणि येथेच हा प्रश्न खरोखर कठीण होतो. विषाणू रक्तातून गेला तरी शरीराच्या काही कोपऱ्यांत दडून राहतो : डोळ्यात, मेंदूभोवतीच्या द्रवात, पुरुषाच्या रेतात. एका स्कॉटिश परिचारिकेला बरे झाल्यानंतर नऊ महिन्यांनी त्याच विषाणूने मेंदूच्या आवरणाचा दाह झाला. २०२१ साली गिनीत नवी साथ उद्भवली तेव्हा तिच्या विषाणूची जनुकीय रचना पाहून शास्त्रज्ञ चकित झाले. तो २०१४ च्या विषाणूपासून जवळजवळ बदललेलाच नव्हता. जंगलातून तो आला नव्हता, मागच्या साथीतून वाचलेल्या कोणाच्या तरी शरीरात पाच वर्षांहून अधिक काळ झोपून राहिला होता. एकाच शरीरात ढाल आणि शत्रू दोन्ही असू शकतात. असे क्वचितच घडते. हजारो रोगमुक्तांपैकी फारच थोड्यांच्या बाबतीत. रोजच्या वावराने, हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने त्यांच्यापासून रोग होत नाही, हेही तितकेच खरे आहे. पण भीतीला शेकडेवारी समजत नाही, आणि 'क्वचित' हा शब्द ती ऐकून घेत नाही.

म्हणजे पाहा, सर्व माणसांत ज्याला या रोगाची सर्वांत कमी भीती, त्याचीच इतरांना सर्वांत अधिक भीती. सेवेला बोलावताना आपण त्याच्या रक्तातील प्रतिद्रव्ये मोजतो, आणि घरी परत आल्यावर त्याच्या रक्ताची शंका घेतो. दोन्ही वेळा माणूस रक्तामागे उभाच राहतो.

सलोमी कार्वाने साथ संपल्यावर आपल्या पतीबरोबर वडिलांचा दवाखाना पुन्हा सुरू केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये शस्त्रक्रिया होऊन तिला चौथे मूल झाले. रुग्णालयातून घरी आल्यावर काही तासांतच तिला झटके येऊ लागले, म्हणून पती आणि बहीण तिला गाडीत घालून पुन्हा तेथे घेऊन गेले. नंतर त्या दोघांनी सांगितले की, ती इबोलातून वाचलेली आहे हे माहीत असल्याने कर्मचारी तिला हात लावावयास कचरत होते. २१ फेब्रुवारी रोजी ती वारली. वय अठ्ठावीस. शुश्रूषेला लागलेल्या विलंबामुळेच ती गेली काय, याचा निर्णय देणे आमच्या अधिकाराबाहेरचे आहे. बाळंतपणातील गुंतागुंतीने लायबेरियात, आणि आपल्याकडेही, स्त्रिया हात लावला तरी मरतात. परंतु तिचे घरचे लोक ज्या वेळेविषयी बोलतात, म्हणजे गाडी दाराशी उभी आहे आणि आतले कोणी पुढे येत नाही, ती वेळ आम्हांला वारंवार डोळ्यांपुढे येते. १९८९ पासून लायबेरियाने दोन यादवी युद्धे पाहिली, मग इबोला पाहिला; त्या रुग्णालयातल्या माणसांनी २०१४ साली आपले सहकारी हातमोज्यांच्या अभावी मरताना पाहिले असतील. त्यांना दोष द्यावयास आम्ही कोण? त्यांच्या रक्तात ती प्रतिद्रव्ये नव्हती. सलोमी कार्वाच्या रक्तात होती, आणि त्या दाराशी ती उभी असती तर दुसऱ्या कोणाच्या गाडीकडे ती धावत गेली असती, याविषयी आम्हांला शंका नाही. तिचे अडीच वर्षांचे काम तेच होते. तिच्या मागे चार मुले राहिली.